पर्यायांत नसलेला माठ

मी एक जुना माठ आहे आणि बीड जिल्ह्याच्या वैद्यकीय इतिहासात माझं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जायला हवं. सध्या माझ्यात एक खुडूक कोंबडी बसते. ती अंड्यांवरून उठत नाही, त्यामुळे इतिहासाचा विषय मला तिच्यापाशीच काढावा लागतो. तिचं त्यावर काही मत नाही.

तरी मित्रांनो, सांगतो. शाळेत तुम्हाला अशी आत्मवृत्तं लिहायला लावतात. त्यांत वस्तू आधी राबते, मग अडगळीत पडते आणि शेवटी मुलांना उपदेश करते. माझंही तसंच झालं. फरक एवढाच की माझ्या गोष्टीत वाईट माणूस एकही नाही. असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती.

लिंबागणेशच्या अलीकडे एका गावात, बिभीषण कुंभाराच्या अंगणात माझा जन्म झाला. तलावातली काळी माती, चाळलेली राख आणि लीद. लीद होती हे मी लपवत नाही. ती आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जळून जाते आणि माठाच्या अंगाला बारीक छिद्रं ठेवून जाते. त्या छिद्रांतून पाणी पाझरतं, वाऱ्यावर उडून जातं आणि आतला भाग गार राहतो. तुम्ही हे विज्ञानाच्या पुस्तकातून ‘बाष्पीभवन’ या नावाखाली पाठ केलं असेल. मी ते करत असे. मला त्याचे गुण कधी मिळाले नाहीत.

माझ्या मातीत बिभीषणच्या हातून लीद जरा जास्त पडली. त्यामुळे मी पाझरायचो ते बेतानं नाही. सकाळी काठोकाठ भरलेला मी संध्याकाळी अर्ध्यावर यायचो आणि खाली चिखल व्हायचा. बाजारात गिऱ्हाईक यायचं, बोटाच्या पेरानं मला वाजवायचं, आवाजावर खूश व्हायचं आणि मग बुडाखालची ओल बघून शेजारचा माठ उचलायचं. एका बाईने मला घरी नेऊन चौथ्या दिवशी परत आणून दिलं. तेव्हापासून बिभीषणने मला मागच्या रांगेत, चिरलेल्या पणत्यांच्या सोबतीला बसवलं.

तिथून मला मनकर्णा आजीने उचललं. बिभीषण सरळ माणूस. तो म्हणाला, ‘आजी, तो नका घेऊ. लई पाझरतो. दोन दिसात रिकामा व्हतो.’

‘मला पाझरणाराच पायजे. प्यायचं पाणी न्हाई ठेवायचं त्यात.’

‘मंग काय ठेवायचंय?’

‘नातीचं औषध.’

बिभीषणने म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक लहान गाडगं वरून तसंच दिलं. माझ्या आयुष्यातला पहिला सन्मान हा असा, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर परिणाम झालाय अशा समजुतीतून झाला.

आजीची वस्ती गावापासून कोसभर लांब, माळावर. घर मेंढपाळांचं. मुलगा अंगद आणि सून गीता दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठच्या गावांकडे निघायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. घरी उरायच्या दोघी, आजी आणि तिची नात योगिता. योगिताला मेंढरांमागे नेत नसत, कारण तिला साखरेची बिमारी होती.

मित्रांनो, आमच्या भागात साखर ही सरपंच, चेअरमन अशा खाल्ल्यापिल्ल्या माणसांची बिमारी समजली जाते. मेंढपाळाच्या आठ वर्षांच्या पोरीला ती झाली याचं लोकांना आश्चर्य वाटलं, आणि थोडा रागही आला. आधी ती घागर घागर पाणी प्यायला लागली. मग वाळली. मग कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं जंत आहेत. शाळेतच ती घेरी येऊन पडली तेव्हा दवाखान्यात कळलं की काही मुलांचं शरीर इन्सुलिन नावाची गोष्ट बनवायचंच सोडून देतं. मग ते रोज दोन वेळा सुईने बाहेरून द्यायचं. किती दिवस, असं आजीने विचारलं. कायम, असं डॉक्टर म्हणाले. आणि बाटली थंड जागी ठेवायची, उन्हाने औषध मरतं.

त्या दवाखान्यात वत्सलाबाई नावाच्या एक जुन्या सिस्टर होत्या. त्यांनी आजीला विचारलं, घरी फ्रीज हाय का. आजी म्हणाली, लाईट हाय, मधनंमधनं. वत्सलाबाईंनी हसून सांगितलं की मग माठ घ्या, चांगला पाझरणारा. त्यात वाळू भरा, वाळूत गाडगं रोवा, गाडग्यात बाटली, वर झाकण. वाळू रोज भिजवा. माठ सावलीत आणि वाऱ्याला ठेवा. पिकल्या केसांच्या या बाईंनी हे आजवर किती आयांना सांगितलं असेल याची मोजदाद नाही. त्यांनी ते कुठे लिहून ठेवलं नाही. वेळ मिळाला नाही, कारण त्या नर्स होत्या.

असा मी कामाला लागलो. तीन उन्हाळे काढले. बाहेर पत्र्यावर भाकरी भाजावी असं ऊन असायचं आणि माझ्या पोटात गाडगं गार असायचं. जो पाझर म्हणून मला मागच्या रांगेत बसवलं होतं, त्याच पाझरावर एक पोरगी शाळेत जात होती. वत्सलाबाई निवृत्तीच्या आधी एकदा वस्तीवर आल्या. त्यांनी माझ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाल्या, ‘मनकर्णाबाई, माझी बदली इथंच करून घ्यावी म्हणते.’ मग बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि मान हलवून परत ठेवली. मला मिळालेलं पारितोषिक ते एवढंच. पुढच्या महिन्यात त्या घरी बसल्या.

योगिता रोज सकाळी शाळेआधी माझी वाळू भिजवायची. ‘माठोबा, तहान लागली का?’ असं विचारायची. तिची स्वतःची बिमारी तहानेपासून सुरू झाली होती, त्यामुळे या बाबतीत ती कुणाची चेष्टा करत नसे. सुई ती स्वतःच्या मांडीला स्वतः टोचायची. आजीने तोंड फिरवलं की म्हणायची, तुला टोचतेय का बे आजी? आजी म्हणायची, बे म्हणतेस व्हय गं मला, थांब, येऊ दे तुझ्या बापाला.

बापाकडे तिचं एकच मागणं होतं. तिला एकदा मेंढरांसोबत जायचं होतं. सगळा संसार घोडीच्या पाठीवर लादून, पुढे वडील, मागे कुत्री, रोज नवं रान. अंगदने तिला फोनवर कबूल केलं होतं की येत्या दिवाळीला नेतो. घोडीवर एका अंगाला करडं बांधतात, दुसऱ्या अंगाला माठ बांधू. घोडीच्या पाठीवरून मराठवाडा पाहणारा मी पहिला माठ ठरलो असतो. मी याची वाट बघत होतो हे सांगायला मला लाज वाटत नाही.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी वस्तीवर भाड्याची जीप आली आणि तिच्यातून उज्ज्वला सिस्टर उतरल्या.

उज्ज्वला सिस्टर एका नर्सिंग कॉलेजात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या. त्यांचा संशोधनाचा विषय होता: ‘जिल्ह्यातील निवडक गावांमधील मधुमेहग्रस्त बालकांच्या इन्सुलिन स्वव्यवस्थापनविषयक ज्ञानावर माहितीपुस्तिकेच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. हे एका दमात म्हणता येणारा माणूस निरोगी समजावा. पद्धत मात्र सोपी होती. मुलाला अठ्ठावीस प्रश्न विचारायचे. मग पुस्तिका द्यायची. सात दिवसांनी येऊन तेच अठ्ठावीस प्रश्न पुन्हा विचारायचे. गुण वाढले की पुस्तिका गुणकारी. अशी साठ मुलं हवी होती आणि साठ मुलं मिळवण्यासाठी त्या कड्यापासून धर्मापुरीपर्यंत सगळा जिल्हा पालथा घालत होत्या. योगिता एकेचाळिसावी.

बाई मनाने चांगली. मुलांना काही न्यावं म्हणून तिने बिस्किटांचे पुडे घेतले होते. पुडा पुढे केल्यावर तिला आठवलं की आपण कुणाला भेटायला आलोय. तिने तो मुकाट्याने आजीच्या हातात दिला.

प्रश्नावली नऊ तज्ज्ञांनी तपासून मंजूर केलेली होती. पहिल्या पानावर नाव, वय, वडिलांचा व्यवसाय आणि ‘घरात फ्रीज आहे का?’ असा प्रश्न होता. योगिता ‘नाही’ म्हणाली, सिस्टरांनी ‘नाही’वर खूण केली. मग खरे प्रश्न सुरू झाले. सतरावा असा होता: इन्सुलिनची बाटली कुठे ठेवावी? अ, फ्रीजमध्ये. आ, कपाटात. इ, खिडकीत. ई, माहीत नाही.

‘माठात,’ योगिता म्हणाली.

सिस्टरांनी कागद पाहिला. पुन्हा पाहिला. मी तिथे नव्हतो.

‘माठात कसं गं?’

योगिता उठली आणि त्यांना माझ्यापाशी घेऊन आली. सिस्टरांनी हात घातला. त्या बराच वेळ हात काढेनात. जीपमधून चार तास फिरून आलेली बाई ती. ‘अगं, किती गार आहे,’ असं त्या अगदी हळू म्हणाल्या. मग परत चटईवर जाऊन बसल्या आणि पेनाचं टोपण दातात धरून विचार करत राहिल्या. पर्याय वाढवता येत नव्हता. मंजूर प्रश्नावलीत एक शब्द हलवला तर आधीची चाळीस मुलं वाया जाणार होती. शेवटी त्यांनी ‘ई’वर खूण केली.

‘काय लिवलं?’ योगिताने वाकून पाहिलं.

‘माहीत नाही.’

‘पण मला माहीत हाय की.’

‘हो गं बाळा. पण इथे तसं बसत नाही.’

साखर अचानक उतरली तर काय खावं, यालाही योगिताने गूळ म्हटलं आणि गूळही पर्यायांत नव्हता. असं होत होत तिला अठ्ठावीसपैकी अकरा गुण पडले. अकराला प्रश्नावलीत ‘अपुरे ज्ञान’ म्हणतात. वर्गात पहिली येणारी पोरगी ती. तीन वर्षं स्वतःच्या हाताने सुई घेऊन जिवंत होती, आणि तिला कळलं की आपलं ज्ञान अपुरं आहे. सिस्टरांनी पुस्तिका दिली, पुढच्या गुरुवारी येते म्हणाल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि जीपमध्ये बसल्या.

पुस्तिका गुळगुळीत कागदाची होती. मधल्या पानावर फ्रीजचं रंगीत चित्र, त्यात सफरचंदं, दूध आणि इन्सुलिनची बाटली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत योगिताला ती सगळी पाठ झाली. मग तिने आजीला सांगितलं की औषध फ्रीजमध्ये ठेवायचं.

आजी म्हणाली, ‘मंग तीन वर्स कसं चाललं?’

‘चाललं असंल. पण चूक हाय ते. पुस्तकात हाय.’

‘वत्सलाबाईनं सांगितलतं की.’

‘त्यांनी कुठं लिवलंय?’

मनकर्णा आजीला वाचता येत नव्हतं. ज्याला वाचता येत नाही तो छापलेल्या कागदाशी भांडत नाही. त्याला वाटतं, एवढा खर्च करून खोटं कोण छापेल. आणि पुस्तिकेत खोटं एक अक्षरही नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. घरात फ्रीज असलेल्या माणसासाठी ती उत्तम होती.

फ्रीज गावात मोहनरावांच्या घरी होता. मोहनराव म्हणजे मोठी जमीन, जुने पुढारी. आजी शनिवारी सकाळी दोन्ही बाटल्या, चालू आणि शिल्लक, पदरात बांधून त्यांच्या मागच्या दाराला जाऊन उभी राहिली. मोहनरावांच्या पत्नी सत्यशीलाबाई दयाळू. लेकराचं औषध आहे, गार जागी ठेवा, एवढं आजी म्हणाली. बाईंनी फ्रीज उघडला. खाली दूध, मळलेली कणीक, भाज्या आणि पुढारपणाचे दोन हार. अशा पसाऱ्यात लेकराचं औषध कसं ठेवायचं? त्यांनी वरचा कप्पा उघडला. तो सगळ्यात गार, त्याला वेगळं झाकण, पोरांचा हात पोचत नाही. त्यात नातवंडांची कुल्फी होती. ती त्यांनी बाहेर काढली आणि त्या जागी दोन्ही बाटल्या हळद-कुंकू ठेवावं तशा ठेवल्या.

इकडे आजीने माझी वाळू अंगणात ओतली आणि मला लिंबाखाली पालथा घातला.

संध्याकाळी योगिता मोहनरावांकडे जाऊन सुई टोचून आली आणि ओसरीत बसली. मग म्हणाली, ‘आजी, त्याचा बर्फ झालता. काकूंनी मुठीत धरून पातळ केला.’

‘मंग? गारच पायजे ना?’

‘गोठवू नका असं नवव्या पानावर हाय. औषध खराब होतं.’

‘मंग काकूला सांगितलं का?’

‘मी कसं सांगू? तू सांग.’

आजीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग तिने जे सांगितलं ते, मित्रांनो, मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं. ‘त्यांनी लेकरांची कुल्फी काढून आपल्याला जागा दिली, बाई. त्यांच्या दारात उभं ऱ्हाऊन त्यांचीच चूक काढायची का? बेस्तरवारी म्याडम येणारच हाय. ती शिकलेली हाय, ती सांगंल त्यांला.’

योगितालाही ते पटलं. गुरुवार काही फार लांब नव्हता.

रविवारी, सोमवारी ती सकाळ-संध्याकाळ कोसभर जाऊन बर्फाचं पातळ झालेलं औषध टोचून येत राहिली. दरम्यान लाईट जायची, औषध पातळ व्हायचं, लाईट यायची, पुन्हा गोठायचं. मंगळवारी ती घागरीपाशी वारंवार जायला लागली. लिंबाखालून मला तिच्या तांब्याचा आवाज ऐकू येत होता. तो आवाज तीन वर्षं बंद होता. साखर मोजायचं यंत्र घरात होतं, त्याच्या पट्ट्या संपल्या होत्या. बुधवारी तिला उलट्या झाल्या. आजी म्हणाली रिक्षा बोलावते, दवाखान्यात जाऊ. ऊन लागलंय गं, योगिता म्हणाली, आणि उद्या म्याडम येणार, माझी परीक्षा हाय.

गुरुवारी जीप आली तेव्हा ती ओसरीत वाकळेवर पडून होती. सिस्टरांनी विचारलं, बरं नाही का? आजी म्हणाली ऊन लागलंय. सिस्टर म्हणाल्या राहू दे, मी परवा येते. पण पोरगी उठून बसली.

‘घ्या की. मला सगळं येतंय.’

तिचा श्वास लागत होता, पण उत्तरं फटाफट येत होती. सिस्टर कागदाकडे बघून विचारत होत्या आणि खुणा करत होत्या. त्या दिवशी अजून तीन गावं बाकी होती.

‘इन्सुलिनची बाटली कुठे ठेवावी?’

‘फ्रीजमध्ये.’

‘बरोबर. इन्सुलिन गोठलं तर काय करावं?’

‘वापरायचं न्हाई. टाकून द्यायचं.’

‘शाब्बास.’

त्यांनी अठराव्या प्रश्नावर खूण केली. योगिताने भिंतीला डोकं टेकलं आणि विचारलं, ‘मग आमचं टाकून देऊ का, सिस्टर? ते रोज गोठतंय.’

सिस्टरांनी मान वर केली. त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या तोंडाजवळ वाकल्या. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. तो वास कशाचा असतो हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच तो पुस्तिकेच्या तेराव्या पानावर लिहिला होता. त्यांनी पिशवीतून स्वतःचं यंत्र काढून बोटाला लावलं. यंत्रावर आकडा आलाच नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. त्यांचा अर्थ, साखर मोजता येणार नाही इतकी आहे. त्यांच्या पिशवीत प्रश्नावल्या होत्या आणि पुस्तिका होत्या. इन्सुलिन नव्हतं. संशोधनाच्या परवानगीत ते बसत नव्हतं.

त्यांनी पोरीला उचलून जीपमध्ये घातलं. आजी अनवाणीच चढली.

पुढचं थोडक्यात सांगतो, मित्रांनो, कारण ते थोडक्यातच झालं. दवाखान्यातल्या लोकांनी करायचं ते सगळं केलं. शनिवारी पहाटे योगिता गेली. उज्ज्वला सिस्टर दोन रात्री तिच्या उशाशी बसून होत्या, तीन गावांची मुलं तशीच राहिली. अंगद आणि गीता मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून दुपारी पोचली. सगळं आटोपल्यावर अंगद लिंबाखाली आला, मला उताणा केला आणि आत हात घातला. आत काही नव्हतं. तरी त्याने हात बराच वेळ तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी सत्यशीलाबाई वस्तीवर आल्या. मोठ्या घरच्या बायका सहसा वस्तीवर येत नाहीत. ‘मी सगळ्यात चांगली जागा दिलती हो, मनकर्णाबाई,’ एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आजीने त्यांना चहा करून दिला. कोरा, कारण दूध नव्हतं. तुमचं काई चुकलं न्हाई, असंही म्हणाली. गरिबाला मोठ्या माणसाची समजूतही घालावी लागते.

दिवाळीनंतर अंगद आणि गीता मेंढरं घेऊन गेली. घोडीवर एका अंगाला करडं होती. दुसऱ्या अंगाला जास्तीचं अंथरूण टाकलं.

त्यानंतर महिन्याभराने उज्ज्वला सिस्टर आल्या, या खेपेला एस.टी.ने, आणि वस्तीपर्यंत चालत. त्यांच्या हातात काळ्या कापडी बांधणीचं जाड पुस्तक होतं. त्यावर तो एका दमाचा विषय सोनेरी अक्षरांत छापला होता. त्यांनी ते आजीच्या पुढे ठेवलं, मग उचललं, मग मांडीवर घेऊन बसल्या. आपण हे कशाला आणलं हे त्यांनाही कळत नसावं.

मग त्यांनी जे सांगितलं ते अर्धं आजीला सांगितलं आणि अर्धं माझ्याकडे बघून. त्यांना पुस्तकात एक प्रकरण माठावर लिहायचं होतं. प्रश्न चुकला, उत्तर बरोबर होतं, असं लिहायचं होतं. संशोधनावर देखरेख करणाऱ्या गाईड मॅडम ऐकून रडल्याही म्हणे. पण डोळे पुसून म्हणाल्या की प्रश्नावली प्रमाणित आहे, माहिती गोळा झाल्यावर तिला हात लावता येत नाही, आणि तुझ्या अभ्यासाचा विषय ज्ञान हा आहे, मृत्यू हा नाही. शिवाय मंजुरी साठ मुलांची होती. एकोणसाठ झाली तर सगळे कागद पुन्हा पाठवावे लागले असते आणि वर्ष गेलं असतं. योगिताने अठरा प्रश्नांची उत्तरं दिली होती. उरलेल्या दहांचे पहिल्या खेपेचे गुण धरले. एकूण एकवीस. ‘चांगले ज्ञान’.

माझ्याविषयी शेवटच्या पानावर एक ओळ आहे. ‘ग्रामीण भागातील पारंपरिक शीतकरण पद्धतींबाबत पुढील संशोधनास वाव आहे.’ तो वाव म्हणजे मी.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘तिचं उत्तर बराबर आलं का मग?’

‘आलं, आजी.’

‘कोन्तं?’

‘सगळीच. अठराच्या अठरा.’

‘हुशारच व्हती,’ आजी म्हणाली, आणि कोंबडीला दाणे टाकायला उठली.

सिस्टर जाताना माझ्यापाशी थांबल्या. हात घालणार होत्या, पण आत कोंबडी होती. तिने चोच मारली.

तर मित्रांनो, उपदेशाची वेळ झाली. वस्तूंची निगा राखा, असं सगळे माठ सांगतात. मी म्हणतो, माठ फुटला तर फुटू द्या, बिभीषणकडे पुष्कळ आहेत. पण कुणी तुमच्यापुढे चार पर्याय ठेवले आणि तुमचं उत्तर त्यांत नसलं, तर ते कागदाच्या कडेला, जागा मिळेल तिथे लिहा. गुण मिळणार नाहीत. आणि तुम्ही कधी मोठे होऊन प्रश्न विचारायला निघालात, तर आधी पहिल्या पानावर लोकांनी काय सांगितलंय ते वाचून मग सतराव्या प्रश्नाकडे या. मला हे सांगायचा काय अधिकार? काहीच नाही. मी नुसता वाव आहे.

पुस्तक सिस्टर इथेच विसरून गेल्या, की ठेवून गेल्या, ते माहीत नाही. ते ओसरीच्या कोनाड्यात आहे. अंगद घरी असतो तेव्हा कधी कधी ते उघडून बोटाने एकेक ओळ वाचतो, म्हणून मला ठाऊक झालं. त्यात बरेच तक्ते आहेत. एका तक्त्यात सतराव्या प्रश्नाचा निकाल आहे. पुस्तिका वाचल्यानंतर साठच्या साठ मुलांनी ‘फ्रीजमध्ये’ हे अचूक उत्तर दिलं.

पहिल्या पानावरच्या प्रश्नाचा तक्ता त्याच्या बराच आधी येतो. साठपैकी अकरा घरांत फ्रीज आहे.